पिवळं कुठून सुरू झालं?

गेल्या मार्चमध्ये आमच्या गॅलरीतल्या कुंडीतल्या लिंबाची शेंड्याची पानं पिवळी पडू लागली. शिरा मात्र हिरव्यागार, बारीक पेनाने आखल्यासारख्या. मी सगळे करतात तेच केलं. खत कमी पडलं असणार, म्हणून ओंजळभर शेणखत घातलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून अंड्याची टरफलं कुटून टाकली, आणि वर गावाहून आणलेली चुलीतली राख. महिनाभरात नवी फूट पिवळीसुद्धा राहिली नाही, कागदासारखी पांढुरकी निघू लागली.

शेतकरी अशा वेळी 'केवडा पडला' म्हणतात. केवडा भेंडीवरही पडतो आणि उसावरही. भेंडीवरचा केवडा विषाणूमुळे येतो आणि पांढरी माशी तो पसरवते. उसाचा केवडा बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेने येतो. नाव रंगावरून पडलंय, कारणावरून नाही. कुंडीतल्या झाडांचंही तसंच आहे, आणि औषध चुकतं ते इथेच.

पानातला पिवळा रंग बाहेरून येत नाही. कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-नारिंगी द्रव्यं हिरव्या पानातही असतातच, हरितद्रव्याखाली झाकलेली. हरितद्रव्य सतत मोडतं आणि झाड ते सतत नव्याने बनवतं. बनवणं मागे पडलं की खालचा पिवळा उघडा पडतो. हरितद्रव्याच्या एका मुख्य प्रकाराच्या रेणूत 137 अणू असतात. मधोमध मॅग्नेशियमचा एकच अणू, आणि त्याला चारही बाजूंनी धरून बसलेले नायट्रोजनचे चार. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, विशेषतः हरितद्रव्यावरच्या, कामासाठी रिचर्ड विलश्टेटर यांना 1915 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे या रेणूत लोह कुठेच नाही. तरी लोहाशिवाय तो तयार होत नाही, कारण तो बनवणाऱ्या यंत्रणेला लोह लागतं.

म्हणून पिवळं पान दिसलं की आधी ते झाडावर कुठे आहे ते बघायचं, खताचा डबा नंतर.

जुन्या लुगड्याची उसवून गोधडी करावी, तसं झाड म्हाताऱ्या पानातला माल सोडवून कोवळ्या पानांकडे पाठवतं. नत्र (म्हणजे नायट्रोजन), मॅग्नेशियम, पालाश (म्हणजे पोटॅशियम) हे असे उसवता येणारे. ते कमी पडले की आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. अख्खं पान एकसारखं फिकट झालं तर नत्र. पावसाळ्यात जुलैभर कुंडीतून पाणी वाहतं, त्याबरोबर नत्रही वाहून जातं, तेव्हा हे हमखास दिसतं. मूठभर गांडूळखत घाला आणि थांबा. जुन्या पानाच्या कडा आणि शिरांमधली जागा पिवळी, पण देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक असेल, तर मॅग्नेशियम. लिंबूवर्गात ही खूण फार स्पष्ट दिसते. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा तिथून हलत नाही. त्यामुळे लोहाची टंचाई नव्या फुटीवर दिसते, आणि जुनी पानं खाली हिरवीगार, सुखात असतात.

माझा लिंबू नेमका असाच होता. मी खाली बघितलंच नव्हतं.

पण लोहाकडे जाण्याआधी पाणी. माझ्या पाहण्यात गॅलरीतली निम्म्याहून जास्त पिवळी पानं पाण्याने होतात, आणि तीही कमी पाण्याने नव्हे. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो, आणि तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. माती सतत भिजलेली असली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि मग भरल्या कुंडीत झाड तहानेलं राहतं. पानं माना टाकतात. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं वाटतं, आणि आणखी एक तांब्या ओततो.

तळाशी विटांचे तुकडे घातले की निचरा होतो, हा समज मला फार चिवट वाटतो. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळून थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा धार लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीच्या तळाशीही असाच एक भिजलेला थर अडकून राहतो. खाली विटा घातल्या तर तो थर विटांवर चढून बसतो, मुळांच्या आणखी जवळ. बारीक मातीतलं पाणी तिचा तळ पुरता भिजेपर्यंत जाड तुकड्यांत उतरत नाही. भोकावर एक खापरी पुरे. त्यापेक्षा कुंडी खोल घ्या आणि मातीत कोकोपीट आणि थोडी जाड वाळू मिसळा.

शंका असेल तर कुंडी आडवी करून हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट आणि कडक असतात. तपकिरी, बोटांत साल सुटून येणारी आणि गटारासारखा वास मारणारी असतील तर सडकी कापा, कोरड्या मातीत लावा, खालची ताटली काढून टाका. आणि महिनाभर खत नको.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची हुंडी कधी कधी चिकट लाल मातीची, विटेसारखी घट्ट असते. बाहेरची माती ओली आणि आत मुळांपाशी ठणठणीत कोरडं. पाणी नुसतं कडेने निघून जातं. अशी हुंडी बादलीत बुडवून, भिजवून सैल करावी लागते.

काही पिवळं तर सोडूनच द्यायचं. थंडीत कढीपत्ता पिवळा पडून झडतो, चाफा उघडा होतो. ती त्यांची रीत आहे. पान पिवळ्या ठिपक्यांनी भरलं असेल तर पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर ते लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

आता माझा लिंबू. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं बोअरचं पाणी येतं, जड, किटलीत पांढरा थर धरणारं. त्यातल्या बायकार्बोनेटने कुंडीतली माती हळूहळू अल्कधर्मी होते. सामू (म्हणजे पीएच, मातीची आम्लता-अल्कता मोजणारा आकडा) एका अंकाने वाढला की मातीतल्या फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. म्हणजे लोह मातीत असतं, मुळांच्या हाती लागत नाही. त्यात मी घातली टरफलं आणि राख, दोन्ही सामू वाढवणारीच.

औषध जुनंच आहे. फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी 1843 च्या सुमारास लोहाचे क्षार देऊन पिवळी पानं हिरवी करून दाखवली होती. मी लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार), चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातला. पण आधी खात्री हवी होती. एक पिवळं पान निवडलं आणि मधल्या शिरेच्या उजव्या बाजूला कापसाने द्रावण लावलं, डावी बाजू कोरडी ठेवली. आठव्या दिवशी उजवी बाजू फिकट हिरवी झाली होती, डावी तशीच पिवळी.

मग संध्याकाळी सगळ्या झाडावर फवारलं. वरची चार बोटं माती टरफलं-राखेसकट काढून शेणखत आणि थोडं गंधक घातलं, आणि लोहाचं चिलेट दिलं, म्हणजे मुळांच्या हाती लागावं म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं लोह. चिलेट घेताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा. ईडीटीएवालं स्वस्त असतं, पण सामू साडेसहाच्या वर गेला की ते लोह सोडून देतं. जून लागला, पावसाचं पाणी मिळालं, तशी नवी फूट हिरवी आली. जुनी पांढुरकी पानं बरीचशी गळाली.

हिराकस फवारताना मात्र खाली गोणपाट अंथरा. आमच्या गॅलरीच्या फरशीवरचे गंजाचे डाग अजून निघालेले नाहीत.