क्लेम फॉर्म भरताना: इंजरी, डॅमेज, लॉस यांतला फरक

'गाडीला लागलं', 'पायाला लागलं': मराठीत दोन्हीकडे एकच क्रियापद चालतं. विम्याचा फॉर्म इंग्रजीत असतो आणि पॉलिसीत प्रत्येक शब्दाला वेगळं कलम लागू होतं. घटना खरी असूनही शब्द चुकला की कंपनीकडून खुलाशाचं पत्र येतं आणि फाइल अडून राहते. म्हणून आमच्याकडे फॉर्म भरायला येण्याआधी हे वाचून या.

माणसाला होते ती इंजरी, वस्तूचं होतं ते डॅमेज. 'लेग डॅमेज्ड' किंवा 'कार इंजर्ड' लिहू नका. डॉक्टरांनी 'नर्व्ह डॅमेज', 'लिव्हर डॅमेज' लिहिलं असेल तर ते बरोबर आहे, रिपोर्टमध्ये आहे तसंच उतरवा. अपघातात सापडलेला माणूस इंजर्ड असतो. वुंडेड म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात चाकू, गोळी, हल्ला येतो. दुचाकी घसरून पडलेल्यासाठी तो शब्द नको. मुका मार म्हणजे ब्रूझ, खरचटणं म्हणजे अब्रेजन, कातडी फाटून झालेली जखम म्हणजे लॅसरेशन. पाय मुरगळला तर स्प्रेन, स्नायू ताणला गेला तर स्ट्रेन. ज्वाळेने भाजलं तर बर्न, उकळत्या पाण्याने किंवा वाफेने भाजलं तर स्काल्ड.

हर्ट हा शब्द बोलण्यात साधा, पण पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदात त्याला ठरलेला अर्थ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे हाड किंवा दात मोडला अथवा निखळला, एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली, किंवा 15 दिवस तीव्र वेदना राहिल्या अथवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तर ती 'ग्रीव्हस हर्ट', म्हणजे गंभीर दुखापत. 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना जुन्या दंड संहितेचं कलम 320 लागतं, तिथे हीच मुदत 20 दिवसांची होती. दवाखान्याच्या कागदावर 'सिंपल' लिहिलं असताना फॉर्मवर 'ग्रीव्हस' लिहू नका. दोन कागद जुळले नाहीत की शंका तुमच्यावर येते.

एका 'एस'ने अर्थ पालटतो. डॅमेज म्हणजे नुकसान, डॅमेजेस म्हणजे कोर्टाने देववलेली भरपाई. बंपर, दार आणि काच तिन्ही फुटले तरी लिहायचं डॅमेजच.

सर्वांत जास्त घोळ लॉस या शब्दाचा. 'टोटल लॉस' म्हणजे गाडी चक्काचूर झालीच पाहिजे असं नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी टोटल लॉस धरतात. मालक-चालकाच्या सक्तीच्या 15 लाखांच्या अपघात विम्यात एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर निम्मी रक्कम मिळते, दोन अवयव गेले तर पूर्ण. जुळून आलेल्या फ्रॅक्चरला या कव्हरमधून काहीच मिळत नाही. तो खर्च आरोग्य विम्याकडे मागावा लागतो.

पावसाळ्यात 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस', म्हणजे मूळ घटनेनंतर तिच्या मागून ओढवलेलं नुकसान, हे शब्द फार महागात पडतात. पाण्यात उभ्या गाडीत पाणी शिरलं तर ते फ्लड डॅमेज, पॉलिसीत बसतं. पण बुडालेल्या गाडीला चावी मारली की हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराचं नसून चावी मारल्याचं, असं कंपनी धरते आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर इंजिनाचा खर्च नाकारते. म्हणून गाडी चालू करू नका, धक्का मारून तर अजिबात नाही. पाणी कुठवर चढलं त्याची खूण दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या. चालू केली नसेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा: 'इंजिन वॉज नॉट स्टार्टेड आफ्टर सबमर्जन'. केली असेल तर हे वाक्य लिहू नका. गॅरेजमध्ये इंजिन उघडलं की वाकलेला रॉड सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाला, दिसतोच.

'वेअर अँड टेअर' म्हणजे वापराने झालेली झीज, तिला विमा नाही. टायर झिजून फाटला आणि अपघातात फाटला यांतला फरक फॉर्मवर दिसला पाहिजे.

दुकानदारांसाठी: बर्गलरी पॉलिसीत साधारणपणे जबरीने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण लागते. तुटलेलं कुलूप, उचकटलेलं शटर असेल तर बर्गलरी. गिऱ्हाईक म्हणून आलेल्याने गल्ल्यातून पैसे उचलले तर ते थेफ्ट, आणि ते तुमच्या पॉलिसीत आहे का ते आधी पाहावं लागतं. पंचनामा होईपर्यंत कुलूप बदलू नका.

येताना पॉलिसीची सर्व पानं, एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि फोटो आणा. घटना मराठीतच, घडली त्या क्रमाने कागदावर लिहून आणलीत तर उत्तम. इंग्रजी शब्द आपण समोरासमोर बसून ठरवू.