वृद्धांची आर्थिक फसवणूक: नातेवाईक आरोपी असताना ज्युरी काय बघते

मुलगा, सून, पुतण्या, नातू अशा जवळच्याच कोणीतरी म्हाताऱ्या माणसाचे पैसे किंवा घर फसवून, दबाव टाकून घेतलं आणि केस ज्युरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटापुढे गेली तर हे साधे लोक ती कशी तोलतात, हा कायदा आणि मानसशास्त्र दोन्हीचा विषय आहे. यावर अमेरिकेत बरंच काम झालंय. खऱ्या ज्युरीची चर्चा बंद खोलीत होते, ती ऐकता येत नाही, म्हणून संशोधक मॉक ज्युरी (नकली ज्युरी) घेतात, लोकांना खटल्याचा सारांश वाचायला देतात, त्यात वय किंवा नातं अशी एखादीच गोष्ट बदलतात आणि दोषी की निर्दोष ते विचारतात. वृद्धांच्या छळाच्या अशा अभ्यासांत बायका पीडिताच्या बाजूने जास्त झुकताना दिसल्यात.

रस्त्यावर पर्स ओढली तर संमतीचा प्रश्नच येत नाही. घरच्याच माणसाने केलेल्या फसवणुकीत सही खरी असते, चेक आईनेच फाडलेला असतो, पॉवर ऑफ अटर्नी (तिच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार) रीतसर असते आणि आरोपीच तिला दवाखान्यात नेणारा असतो, त्यामुळे हा घरचा मामला आहे, शेवटी त्यालाच मिळणार होतं, असं वाटणं सोपं जातं. हे वाटणंच सगळ्यात घातक आहे, कारण आई जिवंत असेपर्यंत पैसा तिचाच. त्यात सरकारी वकिलाची कोंडी अशी की आईला आठवत नाही म्हटलं तर साक्ष कच्ची पडते, आणि सगळं लख्ख आठवतं म्हटलं तर बचाव पक्ष म्हणतो मग तिने समजूनच दिलं की.

न्यूयॉर्कच्या श्रीमंत दानशूर बाई ब्रुक ॲस्टर यांचा खटला बघा. त्यांना अल्झायमर होता, २००७ मध्ये १०५ व्या वर्षी त्या वारल्या, आणि मुलगा अँथनी मार्शल याच्यावर त्यांचा पैसा लाटल्याबद्दल खटला चालला. बचाव होता की अधिकार त्याच्याकडे होता आणि आईला समजत होतं. ज्युरीने १२ दिवस चर्चा करून ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला दोषी ठरवलं, त्यातला एक मोठा आरोप म्हणजे आईचा पैसा सांभाळायचा म्हणून स्वतःलाच दिलेली साधारण १० लाख डॉलरची पगारवाढ.

खटला उभा राहीपर्यंत पीडित व्यक्ती वारलेली असू शकते, म्हणून कॅलिफोर्नियात ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या साक्षीदाराची साक्ष आधीच नोंदवता येते, उलटतपासणीसकट.