नाकाची ॲलर्जी व मध्यकर्णातील स्रावसंचय

ॲलर्जीने नाकाच्या श्लेष्मल त्वचेला आलेली सूज आणि कर्णपटलामागे (कानाच्या पडद्यामागे) साठणारा द्रव यांच्या परस्परसंबंधाचा विचार या नोंदीत केला आहे. अशा स्रावसंचयात सहसा ताप नसतो, कान ठणकत नाही, पूही वाहत नाही. तीव्र मध्यकर्णशोथापासून (मध्यकर्णाला संसर्गाने अचानक येणाऱ्या सुजेपासून) तो यामुळेच वेगळा ओळखला जातो. द्रव कधी पाण्यासारखा पातळ, तर कधी डिंकासारखा चिकट असतो (ग्लू इअर). तो तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर चिरकारी मानतात. प्रौढांपेक्षा लहान मुलांत तो कितीतरी अधिक आढळतो.

नाकामागची पोकळी, म्हणजे नासाग्रसनी, आणि मध्यकर्ण यांना जोडणाऱ्या नलिकेला बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शारीरविज्ञाचे नाव आहे. त्याने तिचे वर्णन १५६२–६४ च्या सुमारास केले. मात्र ही नलिका त्याच्या आधीच कोणाला तरी माहीत असावी, असे दिसते. शेळ्या कानांनी श्वास घेतात, असे इ. स. पू. सुमारे ५०० मध्ये होऊन गेलेला ग्रीक विचारवंत अल्कमिऑन म्हणत असे; ॲरिस्टॉटलने त्याचे मत खोडून काढले आहे. अल्कमिऑनने शवविच्छेदनात ही नलिका पाहिली असावी, असा तर्क काही अभ्यासक करतात. तो आकर्षक असला, तरी पुरावा या एका उल्लेखापलीकडे जात नाही. नलिकेला युस्ताकीचे नाव रूढ केले ते आंतोनियो व्हालसाल्व्हाने, १७०४ च्या आपल्या ग्रंथात.

प्रौढांत ही नलिका सुमारे ३६ मिमी. लांब असते. कानाकडचा तिचा एक-तृतीयांश भाग अस्थीचा, उरलेला कूर्चेचा (लवचीक हाडाचा) असतो. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना मृदुतालूचा स्नायू तिला क्षणभर उघडतो. सर्दीत कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ‘टक्‌’ असा आवाज होऊन कान मोकळा होतो, तो याच क्रियेमुळे. तान्ह्या मुलात ती जवळजवळ निम्म्या लांबीची व बरीच आडवी असते (क्षितिजाशी सुमारे १०°, प्रौढांत ४५°).

द्रव नेमका का साठतो, याबद्दल मतभेद आहेत. सर्वांत जुनी उपपत्ती व्हिएन्नाच्या आडाम पोलित्सर यांची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. नलिका बंद झाली की मध्यकर्णातील वायू भोवतालच्या रक्तात शोषले जातात, आतील दाब घटतो, कर्णपटल आत ओढले जाते आणि श्लेष्मल त्वचेतून द्रव पाझरतो. ‘ॲलर्जी’ हा शब्दच क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला, त्यामुळे पोलित्सर यांच्या विवेचनात ती असण्याचा प्रश्न नव्हता. पण नाकातील सूज नलिकेच्या मुखाशी पोहोचून तिला बंद करते, असे म्हणून ॲलर्जीला या उपपत्तीत सहज जागा मिळाली. दुसऱ्या मतानुसार मध्यकर्णाची श्लेष्मल त्वचा स्वतःच ॲलर्जीला प्रतिसाद देते. ॲलर्जी असलेल्या काही मुलांच्या स्रावात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) व त्यांच्याशी निगडित रसायने मिळाली आहेत, हा या मताचा मुख्य आधार. ॲडिनॉइडची (नासाग्रसनीतील टॉन्सिलसारख्या ऊतीची) सूज व तेथे ठाण मांडलेले जंतू यांना महत्त्व देणारे तिसरे मतही आहे.

या वादात स्वयंसेवकांवरील प्रयोग फार मोलाचे आहेत. त्यांच्या नाकात परागकण सोडल्यावर अनेकांची नलिका बिघडली, पण कानात द्रव मात्र सहसा साठला नाही. यावरून, ॲलर्जी जमीन तयार करते आणि द्रव साठायला बहुधा विषाणुजन्य सर्दीसारखे आणखी एखादे निमित्त लागते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. स्रावसंचय झालेल्या मुलांत ॲलर्जीचे प्रमाण किती, याचे आकडे अभ्यासागणिक फार बदलतात. ॲलर्जीतज्ज्ञाकडे आलेली मुले आणि शाळेतील सरसकट मुले यांची तुलना होऊ शकत नाही, हे त्याचे एक उघड कारण आहे.

कर्णदर्शकातून पाहिले असता मोत्यासारखी चमक गेलेले, मंद पिवळसर कर्णपटल दिसते. कधी त्यामागे हवेचे बुडबुडे किंवा द्रवाची आडवी रेषाही दिसते. कर्णदाबमापनाचा (दाब बदलून कर्णपटलाची हालचाल मोजणाऱ्या तपासणीचा) आलेख सपाट येतो. श्रवणशक्ती सरासरी २५ ते ३० डेसिबलने घटते. मूल टीव्हीचा आवाज वाढवते, पाठमोऱ्या आईच्या हाकेला ओ देत नाही, आणि बोलणी खाते ती ‘हट्टीपणा’बद्दल. बोलायला शिकण्याच्या वयात असे महिने जाणे ही गंभीर बाब आहे. दुखत नसल्यामुळे तक्रार होत नाही. म्हणून सतत नाक चोंदलेल्या मुलाचे कान मुद्दाम तपासून घ्यावेत.

बहुतेक मुलांत द्रव तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. हिस्टामीनरोधके (ॲलर्जीवरील नेहमीची औषधे), नाक मोकळे करणारी औषधे व प्रतिजैविके यांनी कानातील द्रव लवकर जातो, असे नियंत्रित चाचण्यांत दिसलेले नाही. स्टेरॉइडचे नाकातील फवारेही केवळ यासाठी नेमाने देऊ नयेत, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शिंका, खाज, चोंदलेले नाक यांसाठी ॲलर्जीचा उपचार अवश्य करावा. कान त्यानेच मोकळा होईल, असे धरून चालू नये. द्रव टिकून राहिला व ऐकू येणे कमी झाले, तर कर्णपटलात बारीक नळी (ग्रोमेट) बसवतात. ही पद्धत बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये पुन्हा प्रचारात आणली. प्रौढात एकाच कानात द्रव साठला, तर ॲलर्जीचे निदान करून थांबू नये. गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी नासाग्रसनीची तपासणी आवश्यक असते.