डांबराखालचा विमानतळ

अमरावतीचे आमचे मामा यंदा पहिल्यांदाच विमानानं मुंबईला आले. एरवी रात्रीची अमरावती एक्सप्रेस, सकाळी दादर, आणि डोळे चोळत घाटकोपर. या वेळी दुपारच्या चहाला ते आमच्या गच्चीत बसले होते आणि डोक्यावरून दर दोन-अडीच मिनिटांनी एक विमान सांताक्रूझकडे उतरत होतं. मामा शेतकरी माणूस, हिशोबाला पक्के. म्हणाले, "काहून रे बाबू, पाचशे मीटर डांबर टाकाले इतके वर्षं लागते काय?"

प्रश्न रास्त होता. अमरावतीच्या, म्हणजे बेलोऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी आधी १,३७२ मीटर होती, म्हणजे बरोबर साडेचार हजार फूट. ती १,८५० मीटर झाली आणि १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं. वाढ ४७८ मीटरची. मामांच्या डोळ्यांदेखत सातशे किलोमीटरचा समृद्धी महामार्ग उभा राहिला, मग हे अर्धा किलोमीटरचं काय घेऊन बसलात, असं त्यांचं म्हणणं.

छोट्या विमानतळाची बातमी येते तेव्हा फोटो काचेच्या टर्मिनलचा असतो. मला मात्र मनापासून वाटतं की विमानतळ सुधारतो तो डांबराखाली, कडेच्या नाल्यांत आणि हवेच्या हिशोबात. तिथलं काम दिसत नाही, म्हणून ते रेंगाळल्यासारखं वाटतं.

आधी १,८५० हाच आकडा का, ते बघू. या मार्गांवर दोन पंख्यांचं एटीआर ७२ विमान चालतं. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण भरलेल्या एटीआरला उड्डाणासाठी साधारण १,३०० मीटर लागतात. म्हणजे जुन्या धावपट्टीवरही भागलं असतं, असं वाटेल. पण १५ अंश तापमान अमरावतीत फक्त थंडीच्या पहाटे भेटतं! हवा तापली की विरळ होते. १५ अंशांना समुद्रसपाटीवर एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. ४० अंशांना ते सुमारे आठ टक्क्यांनी घटतं. पंखाला उचलणारी ही हवाच पातळ झाली, तर तेवढाच उचल मिळवायला विमानाला जास्त वेग घ्यावा लागतो. त्यात इंजिनाला कमी हवा मिळते आणि पंख्याच्या पात्यांची पकडही सैल पडते. जास्त वेग हवा, पण तो उशिरा मिळतो. दोन्हीचा भार धावपट्टीच्या लांबीवर येतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा यासाठी एक ढोबळ नियम आहे: दर ३०० मीटर उंचीला लांबी सात टक्के वाढवा, आणि त्या उंचीवर हिशोबासाठी धरतात त्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के आणखी वाढवा. तापमान कुठलं धरायचं? सर्वांत तापलेल्या महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी. मी चहाच्या कपाशेजारी वही ठेवून मामांना आकडेमोड करून दाखवली. अमरावतीची उंची साडेतीनशे मीटरच्या जवळपास, म्हणून आठ टक्के: १,३०० चे १,४०४ झाले. त्या उंचीचं प्रमाण तापमान तेरा अंशांच्या आत, आणि मे महिन्याची दुपार ४२ अंशांची. फरक २९ अंशांचा, म्हणून आणखी २९ टक्के: १,८११ मीटर. ही माझी घरगुती आकडेमोड, सरकारी आराखडा नव्हे. शिवाय ही वाढ एकूण ३५ टक्क्यांच्या वर गेली की वेगळा अभ्यास करावा, असंही तोच नियम सांगतो. तरी १,८५० हा आकडा हवेतून पडलेला नाही, एवढं मामांना पटलं.

मग आलो जमिनीवर, आणि इथे मामाच माझे गुरू.

वऱ्हाडातली काळी माती कापसाला वरदान आणि बांधकामाला वैरी. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे पत्त्यांच्या कॅटसारखे पातळ थर. पाऊस पडला की पाणी दोन पत्त्यांच्या मधे शिरतं आणि अख्खा कॅट फुगतो. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की आकसतो. मामांच्या वावरात मे महिन्यात मी स्वतः भेग मोजली आहे. बैल हाकायची तुतारी आत सोडली तर हातभर सहज गेली, तळ लागलाच नाही. जून संपता संपता तीच भेग मिटून तिथे गुडघाभर चिखल. दर वर्षी जमीन अशी श्वास घेते. वर डांबराचा थर टाकून ती गप्प बसत नाही. डांबर उचलतं, लाटेसारखं होतं, फाटतं. रस्त्यावर अशी लाट आली की गाडी हबकते, पुढे जाते. ताशी दोनशे किलोमीटरनं पळणाऱ्या विमानाला ती परवडत नाही.

म्हणून धावपट्टीचं काम डांबरानं सुरू होतच नाही. काळी माती खणून बाहेर काढायची आणि तिच्या जागी मुरूम भरायचा. किंवा ती फार खोल असेल तर तिच्यात चुना मिसळायचा. चुन्यातलं कॅल्शियम त्या पत्त्यांच्या मधे जाऊन बसतं, थर जवळ ओढले जातात, पाण्याची हाव कमी होते. पुढे चुना आणि मातीतली सिलिका यांची संथ प्रक्रिया होऊन माती सिमेंटसारखी आवळत जाते. या प्रक्रियेला घाई चालत नाही. वर मुरमाचे थर एकेक करून टाकायचे आणि दर थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. पाणी कमी पडलं तर कण एकमेकांवर घसरून जागा घेत नाहीत. जास्त झालं तर पाणीच कणांमधली जागा अडवतं. मधला नेमका ओलावा साधावा लागतो, आणि थर किती दबला हे जागोजागी भोक पाडून, माती काढून तपासावं लागतं. पावसाळ्याचे चार महिने यातलं बरंचसं काम बंदच. मामा म्हणाले, "हे बराबर हाय. वाफसा आल्याबिगर वखर बी चालत नाई." मला याहून नेमकं वाक्य सुचलं नसतं.

एवढं करायचं कशासाठी, ते वजनावरून कळतं. भरलेलं एटीआर साधारण २३ टनांचं. उद्या तिथे एअरबस ए३२० न्यायचं ठरलं तर ते ७८ टनांचं. त्यातला बहुतेक भार मागच्या चार चाकांवर, म्हणजे एका चाकावर अठरा-साडेअठरा टन. आपल्याकडे दोन आसांच्या ट्रकला मालासकट एवढंच एकूण वजन चालतं. मुलुंड चेकनाक्यावर उभा असलेला अख्खा भरलेला ट्रक एका टायरवर पेलायचा, असा तो प्रकार. आणि रस्त्यांच्या अभ्यासातून निघालेला ढोबळ नियम असा की चाकावरचं वजन दुप्पट झालं की झीज दुपटीनं नाही, सोळा पटींच्या आसपास वाढते.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. विमान धाडकन टेकतं, तिथे धावपट्टी सर्वांत जाड हवी ना? तसं नाही. उतरताना इंधन बरंच संपलेलं असतं आणि पंख अजून थोडा भार उचलत असतात. खरा त्रास होतो तो पूर्ण भरलेलं विमान टोकाशी हळूहळू येतं, वळतं आणि उभं राहतं तेव्हा. म्हणून जाडी लागते ती टोकांना, टॅक्सीवेला (विमान धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या वाटेला) आणि विमानं उभी राहतात त्या फरशीला.

आता पाणी. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं एक विमान सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरत जाऊन चिखलात रुतलं. माणसं वाचली, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि निम्म्या देशाचं वेळापत्रक कोलमडलं.

ओल्या पृष्ठभागावर टायर पाण्याला बाजूला सारतं. वेग वाढला की सारायला वेळ पुरत नाही आणि टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागतं. ब्रेक असून नसल्यासारखे. हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो, असं १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासानं प्रयोगांतून दाखवलं. सूत्र सोपं आहे: दाब पीएसआयमध्ये (टायरमध्ये हवा भरताना सांगतो त्या एककात) घ्या, वर्गमूळ काढा, साधारण साडेसोळानं गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. आपल्या गाडीत ३२ पीएसआय हवा असते, उत्तर येतं ताशी ९४ च्या जवळपास. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला शंभरची मुभा आहे. जुलैत तिथून जाताना हा आकडा आठवा, मी दर वेळी आठवतो. ए३२० च्या टायरमध्ये सुमारे २०० पीएसआय, म्हणजे ताशी २३५ च्या आसपास. आणि ते टेकतं साधारण २५० ला. थोडक्यात, पाणी साचलेलं असेल तर टेकण्याचा क्षणच धोक्याचा.

यावरचा इलाज डोळ्यांना दिसेल इतका साधा आहे. धावपट्टी मधे उंच आणि कडांना उतरती ठेवतात. पंचेचाळीस मीटर रुंदीला मध्यापासून कडेपर्यंत दीड टक्का उतार धरला तर फरक जेमतेम एक फूटभर, पण पाणी तेवढ्यावर पळतं. शिवाय डांबरावर आडव्या खाचा पाडतात: सहा मिलिमीटर रुंद, तेवढ्याच खोल, दर ३८ मिलिमीटरवर एक. चाकाखाली दबलेल्या पाण्याला निसटायला वाट मिळते. उतरणाऱ्या टायरांचं वितळलेलं रबर या खाचांत बसत जातं, म्हणून ते जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं काढत राहावं लागतं. मुंबईत दर वर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर काही तास दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात, त्यात असलीच कामं उरकतात. त्या दिवशी आमच्या गच्चीवर जी शांतता असते, ती मला फार आवडते.

पण धावपट्टीवरून निघालेलं पाणी पुढे कुठे जातं? मुंबईत ते मिठी नदीत जातं, आणि मिठी चक्क धावपट्टीखालून वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला तेव्हा मिठीच घ्यायला तयार नव्हती. विमानतळ पाण्यात गेला.

छोट्या विमानतळाचं नशीब जागेवर किती अवलंबून असतं, याचं उदाहरणही मुंबईतच आहे. जुहू. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले. पावसाळ्यात ती पट्टी पाण्याखाली जायची, मग विमानसेवा पुण्याला हलवायची. पुढे विमानं वाढली, पण जुहूला एका बाजूला समुद्र, दुसरीकडे वस्ती. धावपट्टी लांबवायची कुठे? मोठी विमानं सांताक्रूझला गेली आणि जुहू हेलिकॉप्टरांचं झालं. तरी २४ सप्टेंबर १९७२ ला एक जपानी डीसी-८ चुकून जुहूलाच उतरलं. दोन्ही विमानतळ जवळजवळ, दोघांच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशाही साधारण एकच. चार इंजिनांच्या जेटला अकराशे-बाराशे मीटर कसे पुरणार? ते टोकाबाहेर गेलं आणि निकामी झालं. सुदैवानं जीव कुणाचा गेला नाही.

वैमानिकाला वाट दाखवणारे दिवे आणि रेडिओ म्हणूनच डांबराइतके महत्त्वाचे. धावपट्टीच्या कडेला चार दिवे ओळीत असतात, पापी नावाचे. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान तीन अंशांच्या बरोबर उतारावर आहे. चारही लाल म्हणजे फार खाली आलात. तीन अंश म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सव्वापाच मीटर खाली. आमची गच्ची धावपट्टीपासून साडेतीन किलोमीटरवर धरली, तर विमान आमच्या वरून साधारण दोनशे मीटरवरून जातं. घाटकोपर-कुर्ल्यात इमारतींच्या पुनर्विकासाला आडवा येणारा 'फनेल झोन' याच उतारासाठी राखलेला असतो. बेलोऱ्यासारख्या ठिकाणी धावपट्टी वाढली की हा अदृश्य फनेलही पुढे सरकतो, आणि त्यात येणारे विजेचे खांब, मोबाईलचे टॉवर हलवावे लागतात.

धुकं किंवा ढग असतील तर दिवे दिसत नाहीत. मोठ्या विमानतळांवर त्यासाठी जमिनीवरून रेडिओ किरण सोडणारी महागडी यंत्रणा असते. छोट्यांसाठी मला सर्वांत आशेची वाटते ती इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेली 'गगन'. उपग्रहांवरून येणाऱ्या जीपीएसच्या संदेशात वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे चुका शिरतात, आणि विषुववृत्ताच्या जवळच्या भारतावर हा थर फारच चंचल. देशभरातली स्थिर केंद्रं ही चूक मोजतात आणि दुरुस्ती भारताच्याच उपग्रहांमार्फत विमानाला परत पाठवतात. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढच्या छोट्या विमानतळावर एक एटीआर याच आधारानं उतरवून दाखवलं गेलं. धावपट्टीशेजारी रेडिओची ती महाग यंत्रणा न उभारताही उतरण्याचा नेमका उतार वैमानिकाला मिळू शकतो.

मामा चार दिवसांनी परत गेले, पुन्हा विमानानंच. रात्री फोन आला. मला वाटलं, आता टर्मिनलचं कौतुक ऐकायला मिळणार.

"खिडकीतून पायलं मी," मामा म्हणाले. "कडंची नाली चांगली खोल काढली हाय. पन बाबू, ते पानी पुढं जाते कोनाच्या वावरात?"