बोकडाच्या बदल्यात विकलेला राजपुत्र: व्हायकिंग साहसकथांची पार्श्वभूमी

व्हायकिंग म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या शतकांतले उत्तर युरोपातले दर्यावर्दी लुटारू आणि व्यापारी. त्यांच्या काळावरच्या किशोरकथांचा साचा बराचसा ठरलेला असतो. किनाऱ्यावरच्या वस्तीवर धाड पडते, एक मुलगा पकडला जातो, परमुलखात विकला जातो. मग जहाज, वादळ, सूड आणि शेवटी घर. हा साचा आधुनिक लेखकांनी घडवलेला नाही. आइसलँडमध्ये स्नोरी स्टुर्लुसोनने १२३०च्या सुमारास नॉर्वेच्या राजांचा इतिहास लिहिला, ‘हाइम्सक्रिंगला’. त्यातल्या, पुढे राजा झालेल्या ओलाफ ट्रिग्वासनच्या बालपणात हे सगळे आधीच आहे.

ओलाफचा बाप त्याच्या जन्माआधीच मारला गेला होता. आई आस्ट्रिड जीव वाचवत फिरत होती. तिचा भाऊ सिगुर्ड आजच्या रशियातल्या नोव्हगोरोदच्या राजाच्या चाकरीत होता, म्हणून मुलगा तीन वर्षांचा असताना ती समुद्रमार्गे पूर्वेकडे निघाली. वाटेत बाल्टिक समुद्रात एस्टोनियाच्या चाच्यांनी जहाज लुटले आणि मायलेकरांची ताटातूट झाली. ओलाफला सांभाळणारा थोरोल्फ म्हातारा होता, गुलाम म्हणून त्याला किंमत येणार नव्हती. क्लेर्कोन नावाच्या चाच्याने त्याला तिथेच ठार केले. पोराला त्याने एका चांगल्या बोकडाच्या बदल्यात विकले. पुढच्या मालकाने एका चांगल्या अंगरख्यावर सौदा केला. सहा वर्षांनी करवसुलीसाठी एस्टोनियात आलेल्या सिगुर्डला बाजारात एक देखणा, परदेशी वाटणारा मुलगा दिसला. नाव-गाव विचारल्यावर तो आपलाच भाचा निघाला. मामाने त्याला विकत घेऊन नोव्हगोरोदला नेले. तिथे एके दिवशी भर बाजारात ओलाफला क्लेर्कोन दिसला. नऊ वर्षांच्या त्या पोराने हातातली लहानशी कुऱ्हाड त्याच्या डोक्यात घातली. कायद्याने त्याला मरण होते. राणीने दंड भरून सोडवले.

हे शब्दशः खरे मानणारा इतिहासकार मिळणे कठीण. घटना आणि लेखन यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे, आणि आपल्या बखरी वाचताना ठेवतो ते भान इथेही ठेवावे लागते. पण ओलाफ हा माणूस खरा. इंग्लंडच्या जुन्या वर्षवार नोंदींत, म्हणजे अँग्लो-सॅक्सन वृत्तांतात, ९९४ साली तो डेन्मार्कचा राजा स्वेन याच्याबरोबर ९४ जहाजे घेऊन लंडनवर चालून आल्याची नोंद आहे. त्या वर्षी इंग्रजांनी १६,००० पौंड खंडणी मोजली. पुढच्या वर्षी तो नॉर्वेचा राजा झाला आणि १००० साली स्वोल्डरच्या सागरी लढाईत संपला.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कथेतला बाजार खरा आहे. आयर्लंडच्या वृत्तांतांत ८२१ साली डब्लिनजवळच्या हाउथवरच्या धाडीत पुष्कळ बायका पकडून नेल्याची नोंद सापडते. व्हायकिंगांनी ८४१ मध्ये तळ टाकला ते डब्लिन पुढे गुलामांच्या व्यापाराचे मोठे ठाणे बनले. तिथे, तसेच बिर्का आणि हेडेबी या व्यापारी नगरांत, लोखंडी बेड्या सापडल्या आहेत. बगदादहून निघालेला अरब दूत इब्न फदलान याने ९२२ मध्ये व्होल्गाकाठी विक्रीसाठी आणलेल्या मुली स्वतः पाहिल्या. केसाळ कातडी आणि माणसे देऊन व्हायकिंग अरबी चांदी घेत. ती चांदी किती होती याचा अंदाज स्वीडनच्या गोटलांड बेटावरून येतो: १९९९ साली स्पिलिंग्ज येथील शेतात सुमारे ६७ किलोंचा साठा मिळाला, त्यात १४,००० हून जास्त नाणी, बहुतेक इस्लामी टांकसाळींची.

जहाजांबद्दल मात्र कथाकारांना फारसे रचावे लागत नाही. नॉर्वेतल्या गोक्सटाड येथे १८८० मध्ये दफनटेकडीतून निघालेले ओक लाकडाचे जहाज सुमारे २३ मीटर लांब, ३२ वल्ह्यांचे. त्याची हुबेहूब प्रतिकृती मॅग्नस अँडरसनने १८९३ मध्ये बर्गेनहून २८ दिवसांत न्यूफाउंडलंडला नेली. लाटांवर तिचा काठ सहा-सहा इंच पिळवटायचा, तरी ती पाणी आत येऊ देत नव्हती. पुढे ती शिकागोच्या जागतिक मेळ्यात गेली. त्याच मेळ्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत सप्टेंबरमध्ये विवेकानंद बोलले.

पोथीतला ओलाफ मुलांच्या हाती आला तो एकोणिसाव्या शतकात. नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाखाली होता आणि स्वतःचा भूतकाळ शोधत होता. १८९९ साली हाइम्सक्रिंगलाची सचित्र नॉर्वेजियन आवृत्ती निघाली. पाठोपाठ संसदेच्या अनुदानातून स्वस्त आवृत्ती आली आणि राजांच्या कथा घराघरांत पोचल्या. १९०५ मध्ये देश स्वतंत्र झाला. व्हायकिंगांच्या डोक्यावर दाखवतात ते शिंगांचे शिरस्त्राणही एकोणिसाव्या शतकातलेच, १८७६ च्या जर्मनीतल्या बायरॉइटमधील वॅग्नरच्या ऑपेराच्या वेशभूषेतून लोकप्रिय झालेले. नॉर्वेत ग्येर्मुंडबू येथे मिळालेल्या खऱ्या शिरस्त्राणाला शिंगे नाहीत.

शिंगांची चूक निरुपद्रवी आहे. मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. या कथांत गुलामी बहुधा नायकावर कोसळते आणि तो सुटला की संपते. त्याच्या स्वतःच्या घरी शेण काढणारे, मेंढ्या राखणारे गुलाम पानांत दिसत नाहीत. सुटकेनंतरचा ओलाफही सहसा गाळला जातो: राजा झाल्यावर लोकांना छळ करून ख्रिस्ती करणारा.

आस्ट्रिडची गोष्ट तर किशोरकथांत क्वचितच येते. स्नोरी सांगतो, लोडिन नावाच्या नॉर्वेजियन व्यापाऱ्याला ती एस्टोनियाच्या गुलामबाजारात दिसली, फिकुटलेली, फाटक्या कपड्यांत. मला विकत घेऊन मायदेशी ने, असे तिने विनवले. माझ्याशी लग्न करशील तर नेतो, असे तो म्हणाला. ती तयार झाली. हे स्नोरीने चार ओळींत उरकले आहे. आज मुलांसाठी व्हायकिंग कथा लिहायला बसणाऱ्याने ओलाफची कुऱ्हाड थोडी बाजूला ठेवून आस्ट्रिडची ती वर्षे लिहावीत. बारा-तेरा वर्षांचे वाचक ती नक्की समजून घेतील.