‘एपीआय उघडा, पैसे सुरू’ हा जुना गैरसमज

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं दार; अशी प्रत्येक विनंती म्हणजे एक ‘कॉल’. पुण्यात हिंजवडी ते खराडी, चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं: “आपल्या सॉफ्टवेअरचा एपीआय बाहेरच्यांना द्या, कॉलमागे चार आणे लावा, बसल्या जागी कमाई.” तसं होत नाही. गिऱ्हाईक कॉल नाही, झालेलं काम विकत घेतं.

ई-इनव्हॉइसचं, म्हणजे जीएसटीसाठी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचं बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या बहुतेक व्यवसायांना ते सक्तीचं आहे. भोसरीतला कारखानदार बिल करतो, त्याचं सॉफ्टवेअर ते नोंदणी पोर्टलकडे पाठवतं. तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड परत येतो. आता पिनकोड चुकला, बिल नाकारलं गेलं. दुरुस्त करून पाठवलं तर मध्येच नेट गेलं. मग तिसऱ्यांदा. कॉल तीन, बिल एकच! तिन्हींचे पैसे लावलेत तर महिनाअखेरीस त्याचा अकाउंटंट भांडायला येणार, आणि बरोबरच आहे त्याचं. दर लावायचा तो तयार झालेल्या बिलामागे. ऑनलाइन पेमेंट स्वीकारायची सोय देणारी स्ट्राइप कंपनीही मुख्यतः यशस्वी पेमेंटमागे पैसे घेते, कॉलमागे नाही.

गूगल मॅप्स मात्र विनंत्या मोजूनच आकारणी करतं. तिथे ते चालतं, कारण बहुतेक वेळा प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे उपयोगी असतं.

शिवाय चाचणीसाठी सँडबॉक्स (खऱ्या व्यवहारांना धक्का न लावता वापरून बघायची नक्कल), नीट डॉक्युमेंटेशन, जुनी आवृत्ती बंद करण्याआधी पुरेशी मुदत आणि रात्री अकराला फोन उचलणारा माणूस, हा खर्च वेगळाच. तो झेपेपर्यंत एपीआय दोन-चार ओळखीच्या गिऱ्हाइकांपुरताच ठेवलेला बरा.