हवामान माहिती तंत्रज्ञान बाजारपेठ (आशिया-पॅसिफिक)

वातावरणाची निरीक्षणे घेणारी उपकरणे, त्या निरीक्षणांवरून अंदाज काढणारी संगणकीय यंत्रणा आणि तो अंदाज एखाद्या ग्राहकाच्या नेमक्या कामी येईल अशा रूपात पुरवणाऱ्या सेवा यांचा आशिया खंड व पॅसिफिक महासागरातील देशांत चालणारा व्यापार. मोसमी पाऊस, टायफून, बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळे, पावसावर पोट असलेली प्रचंड शेतकरी लोकसंख्या आणि जगातली सर्वाधिक वर्दळीची बंदरे हे सगळे या एकाच विभागात येते. तरीही हवामान लहरी आहे म्हणून हा बाजार वाढला, असे म्हणणे अर्धवट ठरेल. ते पूर्वीही लहरीच होते. अंदाज चुकला तर त्याची भरपाई कोणी करायची हे ठरवणारे करार आणि नियम जिथे आले, तिथे अंदाजाला गिऱ्हाईक मिळाले.

बाजाराचा आकार सांगणारे अहवाल दरवर्षी निघतात, पण त्यांतले आकडे जपूनच घ्यावेत. एक अहवाल उपग्रह आणि रडार धरतो, दुसरा फक्त सॉफ्टवेअर आणि सेवा. सरकारी हवामान खात्यांचा खर्च बाजारात मोजायचा की नाही, यावरही एकमत नसते.

सरकारी पाया : या धंद्याचा कच्चा माल बहुतांशी सार्वजनिक पैशातून तयार होतो. जपानचा हिमावारी-८ (२०१४), चीनचा फेंगयुन-४ए (२०१६), दक्षिण कोरियाचा जीके-२ए (२०१८) आणि भारताचा इन्सॅट-३डीएस (२०२४) हे भूस्थिर उपग्रह या विभागावर नजर ठेवण्यासाठीच सोडलेले आहेत. हिमावारी मालिकेतले उपग्रह दर १० मिनिटांनी पृथ्वीच्या दिसणाऱ्या पूर्ण गोलार्धाचे चित्र पाठवतात, आणि जपान हे चित्र शेजारी देशांना मोफत देतो. जागतिक हवामान संघटनेने १९९५ मध्ये ठराव ४० करून अंदाजासाठी अत्यावश्यक निरीक्षणे सर्व देशांनी विनामूल्य व विनाअट एकमेकांना द्यावीत असे ठरवले. २०२१ मध्ये त्याची जागा अधिक व्यापक धोरणाने घेतली. त्यामुळे खाजगी कंपनी जे विकते तो बहुधा पाऊस-वाऱ्याचा मूळ आकडा नसतो. त्या आकड्यावरून काय करायचे, हे ती विकते.

उपकरणांच्या बाजारात मात्र सरकार हेच मोठे गिऱ्हाईक. हायड्रोजन किंवा हेलियम भरलेल्या फुग्याला बांधून वर सोडायचा रेडिओसाँड, म्हणजे वरच्या हवेचे तापमान, आर्द्रता आणि दाब मोजून रेडिओने खाली कळवणारे छोटे यंत्र, हे याचे चांगले उदाहरण. अनेक केंद्रांवरून तो दिवसातून दोनदा, आंतरराष्ट्रीय वेळेनुसार ०० आणि १२ वाजताच्या निरीक्षणासाठी, सुटतो. फुगा फुटल्यावर हे यंत्र बहुतेक वेळा परत मिळत नाही. म्हणजे हा वर्षानुवर्षे लागत राहणारा माल आहे, आणि फिनलंडच्या वैसाला या १९३६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा व्यवसाय याच वस्तूपासून सुरू झाला. पाऊस आणि वारा दुरून टिपणाऱ्या डॉप्लर रडारचे तसे नाही. ते एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालावे लागते. रेडिओलहरींच्या पट्ट्यानुसार लांब पल्ल्यासाठी एस-बँड, मध्यम पल्ल्यासाठी सी-बँड आणि शहर किंवा डोंगराळ खोऱ्यापुरते एक्स-बँड अशी त्यांची विभागणी आहे. निविदेत रडारची किंमत ठळक दिसते, सुट्या भागांची आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाची तरतूद बारीक अक्षरांत राहते. परदेशी मदतीतून उभी राहिलेली केंद्रे प्रकल्प संपल्यावर बंद पडणे ही गरीब देशांतली नेहमीची गोष्ट आहे. त्यात वेगवेगळ्या देणगीदारांनी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे दिलेली असली, तर एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही.

भारतात केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ हे महासंगणक सुरू झाले. मे २०२५ पासून ६ किलोमीटर जाळीची, म्हणजे नकाशाचे तेवढ्या आकाराचे चौकोन पाडून अंदाज काढणारी, भारत अंदाज प्रणाली वापरात आली. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती.

खाजगी सेवांचा उगम : आशियातल्या या क्षेत्रातल्या मोठ्या खाजगी कंपन्यांपैकी एक, जपानची वेदरन्यूज, समुद्रावरच्या धंद्यातून जन्मली. जानेवारी १९७० मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामा बंदरात वादळामुळे एक मालवाहू जहाज बुडाले आणि १५ खलाशी दगावले. त्या जहाजाची व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी हिरोयोशी इशिबाशी पुढे सागरी हवामानाच्या व्यवसायात शिरले आणि १९८६ मध्ये त्यांनी ही कंपनी उभी केली. जहाजाला कमी लाटांचा, कमी इंधनाचा मार्ग सुचवणे हे या सेवेचे दिसणारे रूप. न दिसणारे रूप तितकेच महत्त्वाचे आहे. भाड्याने घेतलेले जहाज कराराप्रमाणे वेगाने चालले की नाही, यावर मालक आणि भाडेकरू यांच्यात वाद होतात, आणि त्या दिवसांत समुद्र खरोखर खवळलेला होता का हे त्रयस्थ हवामान कंपनीच्या अहवालावरून पाहिले जाते.

जपानने १९९३ मध्ये हवामान सेवा कायद्यात दुरुस्ती करून खाजगी अंदाजाला मोकळी वाट दिली, पण परवान्याच्या अटीवर. १९९४ पासून अंदाजकर्त्यांसाठी राष्ट्रीय परीक्षा घेतली जाते. इशारा देण्याचा अधिकार मात्र सरकारी संस्थेकडेच राहिला. दक्षिण कोरियाने तर २००९ मध्ये हवामान उद्योगाला चालना देण्यासाठी वेगळा कायदाच केला.

वीज आणि विमा : भारतातला खाजगी बाजार कसा घडला हे पाहायचे तर या दोन क्षेत्रांकडे पाहावे. पवन आणि सौर प्रकल्पांना आपण किती वीज देणार याचे वेळापत्रक १५-१५ मिनिटांच्या खंडांत, म्हणजे दिवसाला ९६ खंडांत, द्यावे लागते. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये यासाठी चौकट घालून दिली. प्रत्यक्ष निर्मिती आणि वेळापत्रक यांत ठरावीक मर्यादेपेक्षा तफावत पडली की पैसे भरावे लागतात. ढगाचा एक पुंजका सौर पट्ट्यांवरून केव्हा सरकेल, या प्रश्नाला त्या दिवसापासून रुपयांत उत्तर मिळू लागले. वीज क्षेत्रात अंदाज देणाऱ्या कंपन्यांचा धंदा या तफावतीवर उभा आहे.

पीकविम्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. २०१६ पासूनच्या पुनर्रचित हवामान आधारित योजनेत नुकसानीचा पंचनामा होत नाही. जवळच्या केंद्राने नोंदवलेला पाऊस, तापमान, आर्द्रता यांनी ठरलेला ट्रिगर, म्हणजे आधी ठरवलेली मर्यादा, ओलांडला की भरपाई लागू होते. अशा योजनेत हवामान केंद्र हे नुसते यंत्र राहत नाही, ते साक्षीदार होते. ते झाडाच्या सावलीत बसवले, किंवा पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला, तर त्या महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) सगळ्या बागायतदारांचा दावा फिरतो. महाराष्ट्र सरकारने स्कायमेट (स्थापना २००३) या कंपनीबरोबर ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभारली. पण एका मंडळात अनेक गावे येतात, आणि शिवाराच्या एका टोकाला धो-धो पाऊस तर दुसऱ्या टोकाला उघडीप हा अनुभव सगळ्यांचा असतो. २०२३ मध्ये केंद्राने ‘विंड्स’ या नावाने प्रत्येक तालुक्यात, गटात स्वयंचलित केंद्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक असे उद्दिष्ट ठेवले ते यामुळेच.

नाशिक भागातले द्राक्ष बागायतदार स्वतःच्या पैशाने बागेत संवेदक बसवतात, त्याचे कारण विमा नव्हे. पान किती तास ओले राहिले यावर डावणी या द्राक्षावरच्या रोगाचा धोका ठरतो. एखादी फवारणी वाचली किंवा वेळेवर झाली, तर त्याचा हिशेब शेतकऱ्याला लगेच करता येतो. या विभागात सरकारी अनुदानाशिवाय टिकलेली शेतीसाठीची हवामान सेवा शोधायला गेले, तर ती अशाच महागड्या फळबागांत सापडते. कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात ती सरकारनेच पोहोचवावी लागते.

कृत्रिम बुद्धिमत्ता : २०२३ मध्ये चीनच्या ह्वावेची पांगू-वेदर आणि गूगल डीपमाइंडची ग्राफकास्ट या संगणकीय प्रारूपांनी दाखवून दिले की जुन्या निरीक्षणांवर शिकलेले कृत्रिम चेताजाळे दहा दिवसांचा जागतिक अंदाज काही मिनिटांत काढू शकते. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांच्या युरोपीय केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये असे स्वतःचे प्रारूप नियमित वापरात आणले. त्याच वर्षी भारताच्या कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला मोसमी पावसाच्या आगमनाचा अंदाज सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पाठवला. बाजाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की महासंगणक नसलेल्या छोट्या देशाला आणि छोट्या कंपनीलाही जागतिक अंदाज जवळजवळ फुकटात मिळू लागला. ज्याच्याकडे स्थानिक निरीक्षणांची लांब, स्वच्छ मालिका आहे, त्याचे पारडे आता जड झाले आहे. प्रारूप कितीही हुशार असले, तरी कोकणातल्या घाटमाथ्यावरचा पाऊस तिथे मोजलेलाच नसेल तर त्याची चूक दुरुस्त कशी करणार?

निरीक्षणांची मालकी : त्यामुळे वाद आता विदेच्या, म्हणजे नोंदलेल्या माहितीच्या (डेटाच्या), मालकीवर आला आहे. जागतिक हवामान संघटनेने भूपृष्ठावरील केंद्रांसाठी सुमारे २०० किलोमीटर अंतराची किमान जाळी ठरवून दिली आहे, आणि पॅसिफिकमधल्या लहान द्वीपराष्ट्रांना तीही परवडत नाही. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये वेगळा निधी सुरू झाला. दुसरीकडे कंपन्या स्वतःच्या केंद्रांची आणि उपग्रहांची निरीक्षणे विकतात. अमेरिकेने २०१६ पासून खाजगी उपग्रहांकडून अशी माहिती विकत घेऊन पाहिली. ती पैसे देऊन घेतलेली माहिती इतर देशांना वाटता येईल की नाही, हे प्रत्येक करारात वेगळे ठरते. चीनमध्ये परदेशी संस्थेला परवानगीशिवाय हवामान निरीक्षण करता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या राज्य सुरक्षा मंत्रालयाने परदेशांशी संबंधित शेकडो बेकायदा हवामान केंद्रे सापडल्याचे जाहीर केले. त्यांतली काही धान्य उत्पादक भागांत आणि काही लष्करी ठिकाणांजवळ होती.